मुळशीच्या काळातले पोलिसी रिव्हॉल्वर: पोलादावरचा पुरावा कसा वाचावा?

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मुळशी खोऱ्यातील शेतकरी सत्याग्रहास उभे राहिले. लढा विझत आल्यावर, १९२४ च्या अखेरीस, सेनापती बापटांनी सहकाऱ्यांसह शस्त्रानिशी आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. अशा प्रदेशात ‘त्या बंदोबस्तातले पोलिसी रिव्हॉल्वर’ म्हणून एखादे हत्यार पुढे आले, तर संग्राहक किंमत विचारील. इतिहासाच्या अभ्यासकाने आधी विचारावे: ही कथा या पोलादाला पेलते का?

त्या काळी साध्या शिपायाच्या हाती काठी असे, सशस्त्र तुकडीकडे मस्केट. रिव्हॉल्वर मुख्यतः अधिकाऱ्याच्या कमरेला. त्यामुळे ‘आजोबा हवालदार होते, त्यांचे रिव्हॉल्वर’ ही कथा ऐकताच थोडे सावध व्हावे.

साम्राज्यातील पोलिसी रिव्हॉल्वरचे प्रसिद्ध घराणे बर्मिंगहॅमच्या वेब्लीचे. १८६८ मध्ये आयर्लंडच्या पोलीस दलाने वेब्लीचे रिव्हॉल्वर स्वीकारले आणि ते त्या दलाच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने वेब्लीचे मोडते रिव्हॉल्वर घेतले: अंगठ्याने खटका दाबला की नळी खाली झुकते आणि रिकामी काडतुसे आपोआप बाहेर फेकली जातात. १९१५ चे सहावे रूप सर्वाधिक परिचित. एन्फिल्डचे ०.३८ इंची रिव्हॉल्वर मात्र १९३२ चे. त्याच मापाच्या वेब्लीशेजारी ठेवले तर दोघे सख्खे भाऊ वाटतात. म्हणून आकारावर न जाता शिक्के वाचावेत. हत्यार एन्फिल्डचे निघाले, तर १९२१ ची कथा तिथेच संपली. आणखी एक गंमत: कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ०.३२ इंची रिव्हॉल्वर याच वळणाचे आहे. जुन्या वळणाचे म्हणजे जुने, असे नव्हे.

शिक्क्यांत काय पाहावे? वेब्लीची खूण पंख असलेली गोळी. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटांकित ठसे. सरकारी मालमत्तेवरचा रुंद बाण. त्याखाली ‘आय’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ते हिंदुस्थान सरकारच्या भांडाराचे. सांगाड्यावरचा आणि चक्रावरचा क्रमांक जुळतो का, हेही पाहावे. न जुळल्यास दोन हत्यारांचे भाग एकत्र आले असण्याचा संभव मोठा.

मग अवस्था. हत्यार रिकामे असल्याची खात्री जाणकाराकडून झाल्याखेरीज त्याला हात लावू नये. घोडा पूर्ण मागे ओढल्यावर चक्र डळमळता कामा नये. नळीचा सांधा सैल नसावा. नळीच्या आत उजेड टाकून पाहावे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन क्षार मागे ठेवी, क्षार ओल ओढून घेई आणि पोलादाला खळगे पडत. ताम्हिणीच्या पायथ्याच्या पावसाळ्यात, तेलाविना पेटीत पडलेल्या नळीचे काय होत असेल, हे सांगायला नको.

माझ्या मते गंजापेक्षा वाईट शत्रू म्हणजे हौशी पॉलिश. मूळची निळसर काळी झिलई वयोमानाने तपकिरी होते. ते तिचे वय असते. चकचकीत करण्याच्या नादात कडा गोल होतात, अक्षरे उथळ होतात, स्क्रूच्या खाचा फाटतात आणि ज्या ठशांवर सारा निवाडा अवलंबून, तेच पुसले जातात. डागाळलेले पण अस्पर्शित रिव्हॉल्वर जाणकार संग्राहक अधिक मोलाचे मानतात. मुठीच्या तळाची कडी, व्हल्कनाइटच्या मूळ पट्ट्या, जुना परवाना, खरेदीची पावती यांनी मोल आणखी वाढते. कागदाविना ‘सत्याग्रहातले’ हा शब्द केवळ तोंडी राहतो.

अर्थात या साऱ्याआधी कायदा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटणारे पुराणमूल्याचे हत्यार कोणते? जे दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, तेच. अडगळीत सापडलेले चालू स्थितीतील वेब्ली शंभर वर्षांचे असले तरी परवान्याखेरीज घरात ठेवता येत नाही. त्याची खबर थेट पोलीस ठाण्यात द्यावी. आणि शंभरी ओलांडलेली वस्तू पुरावस्तू ठरली, तर १९७२ च्या कायद्यान्वये खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, मग परदेशातील लिलावात कितीही बोली लागो.