पीसमेकर

पीसमेकर : इस्रायल–पॅलेस्टाइन संघर्षावर आधारलेला, एकट्याने खेळायचा संगणकीय खेळ. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील इम्पॅक्टगेम्स या छोट्या कंपनीने तो २००७ मध्ये इंग्रजी, हिब्रू आणि अरबी भाषांत प्रसिद्ध केला. शत्रूला नामोहरम करून नव्हे, तर दोन्ही समाजांना मान्य होईल असा तोडगा काढून तो जिंकायचा असतो. शांतता-शिक्षणासाठी व्हिडिओ गेम वापरण्याच्या चर्चेत आजही याच खेळाचे उदाहरण प्रथम दिले जाते, आणि त्याच्या मर्यादाही त्याच चर्चेत सर्वांत स्पष्ट दिसतात.

खेळाची सुरुवात कार्नेगी मेलन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. प्रकल्पाचे प्रमुख आसी बुराक हे पूर्वी इस्रायली सैन्याच्या गुप्तचर विभागात अधिकारी होते. एरिक ब्राऊन यांच्यासह त्यांनी पुढे इम्पॅक्टगेम्सची स्थापना केली. सार्वजनिक राजनयासाठी खेळ तयार करण्याच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्पर्धेत २००६ मध्ये पीसमेकरला पारितोषिक मिळाले. २००७ च्या अखेरीस, अ‍ॅनापोलिस येथील शांतता परिषदेच्या सुमारास, पेरेस शांतता केंद्राने इस्रायली ‘हाआरेत्झ’ आणि पॅलेस्टिनी ‘अल-कुद्स’ या दैनिकांबरोबर खेळाच्या हजारो प्रती वाटल्या. खेळ जिंकणाऱ्याला पडद्यावर नोबेल शांतता पारितोषिक मिळते. केंद्राचे संस्थापक शिमोन पेरेस यांना ते १९९४ मध्ये यासर अराफात आणि यित्झाक राबिन यांच्याबरोबर प्रत्यक्षात मिळाले होते. तोडगा मात्र त्यानंतरही निघाला नाही.

खेळाडूने प्रथम बाजू निवडायची : इस्रायलचा पंतप्रधान किंवा पॅलेस्टिनी अध्यक्ष. परिस्थिती शांत, तणावाची की हिंसक, हेही त्यानेच ठरवायचे. पडद्यावर नकाशा असतो. एखाद्या शहरावर खूण उमटली, की तिथल्या घटनेची बातमी उघडते. बॉम्बस्फोट, अंत्ययात्रा, मोर्चे यांची दृश्ये खऱ्या वृत्तचित्रणातून घेतलेली आहेत. दोन सल्लागार कानाशी असतात आणि बहुतेक वेळा एकमेकांच्या उलट सांगतात. मग चाल करायची : संचारबंदी लावा, तपासणी नाका उठवा, क्षेपणास्त्र सोडा, भाषण करा, दवाखान्यासाठी पैसा द्या. प्रत्येक चालीनंतर दोन गुणसंख्या हलतात. आपल्या लोकांना काय वाटले ते एकीवर कळते, पलीकडच्यांना काय वाटले ते दुसरीवर. दोन्ही शंभरावर पोहोचल्या तरच विजय. एक जरी फार खाली घसरली तरी खेळ संपतो.

या दुहेरी गुणपद्धतीतच खेळाचे शैक्षणिक मर्म आहे. स्फोटानंतर पंतप्रधानाने हल्ल्याचा आदेश दिला, तर घरचे गुण वाढतात आणि पलीकडचे कोसळतात. नवखा खेळाडू मग उलट टोकाला जातो आणि पहिल्याच आठवड्यात एखादी इस्रायली वसाहत रिकामी करायला निघतो. त्यावर स्वकीय भडकतात, आणि समोरच्यांनाही त्यात डाव दिसतो. छोटी, परत घेता येण्याजोगी पावले आधी आणि मोठा निर्णय विश्वास जमल्यावर, हा क्रम दोन-चार वेळा हरल्याखेरीज उमगत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘वाटाघाटींनी प्रश्न सोडवावेत’ असे एक वाक्य असते. ते वाक्य अमलात आणायला किती जड जाते, ते इथे कळते.

बाजू बदलली की खेळच बदलतो. पंतप्रधानाच्या हाती सैन्य, पैसा आणि प्रशासन असते. पॅलेस्टिनी अध्यक्षाच्या बऱ्याच चाली म्हणजे दुसऱ्याकडे केलेली मागणी असते : इस्रायलकडे, अमेरिकेकडे, अरब देशांकडे, संयुक्त राष्ट्रांकडे. स्वतःच्या सुरक्षा दलांवरही त्याची पकड ढिली असते. सत्ता विषम आहे, हे कोणतेही व्याख्यान न देता खेळाडूच्या हातातल्या पर्यायांतूनच दाखवणे ही रचनाकारांची सर्वांत मोठी कामगिरी म्हणावी लागेल. त्यामुळे दोन्ही बाजूंनी खेळल्याशिवाय हा खेळ खेळलाच नाही, असे समजावे.

आक्षेपही गंभीर आहेत. कोणत्या चालीला किती गुण, हे रचनाकार ठरवतो, म्हणजे त्याचे राजकीय मत नियमांच्या आत जाऊन बसते आणि खेळाडूला ते निसर्गनियमासारखे भासते. दोन राष्ट्रांचा तोडगा हाच यश मानला असल्याने इतर मतांना खेळात जागा उरत नाही. शिवाय एकाच नेत्याच्या हातात सूत्रे आहेत हे गृहीतक वास्तवाने लगेच खोडून काढले : खेळ बाजारात आल्यावर काही महिन्यांतच, जून २००७ मध्ये, गाझापट्टी पॅलेस्टिनी अध्यक्षाच्या हातून निसटून हमास या प्रतिस्पर्धी संघटनेच्या ताब्यात गेली. सामान्य नागरिक तर या खेळात गुणसंख्येच्या रूपानेच दिसतो. सक्रिय नागरिकत्व शिकवणाऱ्यांनी ही उणीव नजरेआड करू नये.

परिणामांचा अभ्यास बऱ्यापैकी झाला आहे. क्लेओतिल्दे गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी अरब–इस्रायली इतिहासाचा अभ्यासक्रम घेतलेल्या विद्यार्थ्यांना तो सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर हा खेळ दिला. आधीच्या कामगिरीवर त्यांचा धर्म आणि राजकीय कल यांची छाया होती, नंतरच्या कामगिरीवर ती आढळली नाही. मात्र यात श्रेय खेळाचे किती आणि मधल्या अध्यापनाचे किती, हे विचारायला हवे. एस्रा चुहादार आणि रोनित कांप्फ यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक बोचरा आहे. खेळल्यावर विद्यार्थ्यांची माहिती वाढली. पण दृष्टिकोन अधिक समतोल झाला तो संघर्षाबाहेरच्या, म्हणजे तुर्की आणि अमेरिकी विद्यार्थ्यांचा. इस्रायली आणि पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांची भूमिका बदलली नाही. ज्यांच्या घरापर्यंत संघर्ष पोहोचला आहे, त्यांच्यापुढे खेळाचे काही चालत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. म्हणून वर्गात हा खेळ वापरणाऱ्या शिक्षकाचे खरे काम संगणक बंद झाल्यावर सुरू होते : कोणती चाल का केली, नियम कोणाच्या बाजूने झुकले होते, आणि खेळात कोण दिसलेच नाही, यावर मुलांना बोलते करणे.

याच क्षेत्रातील इतर प्रयत्न वेगळ्या वाटेने गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या आयसिव्हिक्स या संस्थेचे खेळ वर्गातील नागरिकशास्त्राला धरून आहेत. त्यांपैकी एकात वकिलांची कचेरी चालवायची आणि दारात आलेल्या अशिलाच्या हक्काचे संरक्षण राज्यघटनेतील कोणत्या दुरुस्तीने होते, ते ओळखायचे असते. शांतता-शिक्षणासाठी खेळांचा विचार भारतातूनही झाला, तो नवी दिल्लीतील युनेस्कोच्या महात्मा गांधी शांतता आणि शाश्वत विकास शिक्षण संस्थेत. पोलंडच्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) या खेळाने मात्र नेत्याला बाजूला सारून वेढ्यात अडकलेल्या नागरिकांनाच खेळाडूच्या हाती दिले. सारायेव्होच्या वेढ्याच्या आठवणींवर बेतलेल्या या खेळात औषध चोरावे की शेजाऱ्याला वाचवावे, असे प्रश्न पडतात आणि त्यांना गुण नसतात. २०२० मध्ये पोलंड सरकारने शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत त्याचा समावेश जाहीर केला. मात्र खेळ अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी असल्याने तो वरच्या वर्गांपुरताच राहिला.