स्टलची दफनभूमी आणि एका दंतकथेची जन्मतारीख

दंतकथेला जन्मतारीख नसते, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. वेशीवरच्या वडातले भूत केव्हापासूनचे, असे कोणास विचारले तर ‘वाडवडिलांपासूनचे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही आणि आपणही ते मुकाट्याने मान्य करतो. म्हणूनच अमेरिकेतील कॅन्सस राज्यात स्टल नावाचे जे एक चिमुकले खेडे आहे, तेथील दफनभूमीची हकीकत आम्हांला सांगण्याजोगी वाटते. या दफनभूमीत साक्षात सैतान अवतरतो, अशी कथा आज दूरवर पसरलेली आहे. ती शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी असल्याचे तिचे पुरस्कर्ते मोठ्या निश्चयाने सांगतात. परंतु ती छापून प्रथम लोकांपुढे आली तो दिवस आपणांस नेमका ठाऊक आहे. तो दिवस म्हणजे ५ नोव्हेंबर १९७४.

आधी खरा इतिहास पाहू. तो थोडका आहे आणि त्यात भयंकर असे जवळजवळ काहीच नाही. १८५४ साली कॅन्ससचा प्रदेश वसाहतीसाठी खुला झाला आणि पुढील काही वर्षांत जर्मन बोलणारी शेतकरी कुटुंबे लॉरेन्स शहराच्या पश्चिमेस सुमारे दहा मैलांवर येऊन राहिली. डिअर क्रीक म्हणून जो ओढा तेथून वाहतो, त्याचेच नाव या वस्तीला पडले. प्रारंभी ही मंडळी एकमेकांच्या घरी प्रार्थनेस जमत. १८६७ साली त्यांनी टेकडीवर दगडी चर्च बांधले आणि १८६९ साली त्याची दफनभूमी आखली गेली. १९०८ पर्यंत तेथील उपासना जर्मन भाषेतच चाले. १८९९ साली गावात टपाल कचेरी आली. तिचे पोस्टमास्तर सिल्व्हेस्टर स्टल. कचेरी चारच वर्षांत, १९०३ साली, बंद पडली, पण पोस्टमास्तरांचे आडनाव मात्र गावाला कायमचे चिकटले! १९२२ मध्ये रस्त्यापलीकडे नवे चर्च झाले आणि दगडी चर्च ओस पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी गावावर दोन दुःखद प्रसंग आले. बाप शेतातला पालापाचोळा जाळीत असता त्याचे लहान मूल त्या आगीत सापडून गेले आणि बेपत्ता झालेला एक इसम पुढे झाडाला गळफास घेतलेल्या स्थितीत आढळला. कोणत्या गावाने असे दुःख सोसलेले नाही?

आता दंतकथा. लॉरेन्स येथे कॅन्सस विद्यापीठ आहे. त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने उपरोक्त तारखेस एक लेख छापला. हॅलोवीनची रात्र, म्हणजे ३१ ऑक्टोबर (आपल्याकडील अवसेच्या रात्रीसारखी तिची ख्याती), आणि वसंतसंपात अशा वर्षातील दोन दिवशी सैतान स्टलच्या दफनभूमीत येतो, असे त्यात म्हटले होते. लेख वाचून गावचे लोक चकितच झाले! जन्म तेथेच काढलेल्या म्हाताऱ्यांच्याही कानांवर ही गोष्ट कधी आलेली नव्हती. हा विद्यार्थ्यांचा उपद्व्याप आहे, असे नव्या चर्चच्या धर्मोपदेशकांनी स्पष्ट सांगितले. पण खुलाशाचे पाय नेहमीच आखूड असतात. १९७८ च्या २० मार्चला सैतानाची वाट पाहत दीडशेच्या आसपास माणसे तेथे जमली; १९८८ च्या हॅलोवीनला ही संख्या पाचशेच्या घरात गेली. दुसऱ्या वर्षी शेरीफला फाटकाशी पोलीस ठेवावे लागले.

मग काय, कथेला फांद्या फुटू लागल्या. चर्चला छप्पर नसूनही आत पावसाचा थेंब पडत नाही. भिंतीवर बाटली फेकली तरी फुटत नाही. जमिनीत गुप्त जिना आहे आणि तो नरकात उतरतो. दफनभूमीतील एका थडग्यावरचे जर्मन आडनाव इंग्रजीतील ‘चेटकीण’ या शब्दासारखे दिसते, तेव्हा चेटकिणीही आल्या आणि त्यांना फाशी देण्यासाठी एक पाइनचे झाडही सापडले. गावाचे मूळ नाव ‘स्कल’, म्हणजे कवटी, होते असे सांगतात. पोस्टमास्तरांची त्या बिचाऱ्यांना आठवणच नसते. गावच्या नगराध्यक्षाचा १८५० च्या सुमारास गोठ्यात खून झाला आणि पुढे त्याच गोठ्याचे चर्च झाले, असेही सांगतात. पण स्टलला नगरपालिका कधीच नव्हती. तेव्हा नगराध्यक्ष आणावा कोठून? आणि चर्च तर चर्च म्हणूनच बांधलेले! १९९० नंतरच्या काळात यात पोप दुसरे जॉन पॉल यांनाही ओवण्यात आले. डेन्व्हरला जाताना त्यांनी आपले विमान कॅन्ससला वळसा घालून न्यावयास सांगितले म्हणे. पोप १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेन्व्हरला गेले होते, एवढेच त्यातले खरे.

येथे आम्हांला एका गोष्टीचे मोठे नवल वाटते. ज्या लॉरेन्समध्ये हा लेख छापला गेला, त्याच शहरावर २१ ऑगस्ट १८६३ रोजी, यादवी युद्धाच्या धामधुमीत, क्वान्ट्रिल नावाच्या पुंड सरदाराने पहाटे छापा घातला आणि सुमारे दीडशे पुरुष व पोरे कापून काढली. भुतांना राबता ठेवावयाचा तर याहून योग्य जागा कोणती? तरीही सैतानाला घर मिळाले ते दहा मैलांवरच्या निरुपद्रवी खेड्यात. लॉरेन्सच्या रक्तपाताला नावे आहेत, नोंदी आहेत, पुस्तके आहेत. तेथे कल्पनेला हात घालावयाला जागाच नाही. स्टलचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहिलेला नव्हता आणि उलट उत्तर देतील अशी माणसे तेथे मूठभरच. दंतकथेला ओसाड वास्तू लागते असे म्हणतात. आमच्या मते तिला कोरा कागद अधिक लागतो.

याची किंमत भरली ती गावकऱ्यांनी. रात्री-बेरात्री येणाऱ्या हौशी टोळ्यांनी त्यांच्या आजोबा-पणजोबांची थडगी पाडली, फोडली. पाइनचे ते झाड १९९८ मध्ये तोडले गेले. शेतकऱ्यांनी उभारलेले ते दगडी चर्च २९ मार्च २००२ रोजी पाडण्यात आले आणि त्याबरोबर गावच्या खऱ्या इतिहासाचा सर्वांत जुना साक्षीदार गेला. दंतकथेचे काहीच बिघडले नाही. २०१० साली ‘सुपरनॅचरल’ या दूरचित्रवाणी मालिकेने आपले युद्ध याच दफनभूमीत लढविले. म्हणजे ज्यांनी स्टल कधी नकाशावरही पाहिले नव्हते, त्यांनाही ते ठाऊक झाले.

गावातील घराणी आपली माणसे आजही तेथेच पुरतात. रात्री आत पाऊल टाकणाऱ्याला दंड आणि कैद यांची धास्ती घालावी लागते. हॅलोवीनच्या संध्याकाळी फाटकाशी पोलिसांची गाडी येऊन थांबते, ती सैतानासाठी नव्हे, त्याला पाहावयास येणाऱ्यांसाठी.