परिचारिका, हवाई सुंदरी आणि एक बिल्ला

शुक्रवारी दुपारी नारळाच्या रसातले माशांचे कालवण उतरले, चपात्या झाल्या, की शब्बाथ लागेपर्यंत मला तासभर मोकळा मिळतो. रुग्णालयातून निवृत्त झाल्यापासून माझे छंद तीनच. विणकाम, कुंडीतल्या कढीपत्त्याची देखभाल आणि माझा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. लोदला आमच्या घरावरून विमाने जातात. आवाज आला की हात आपोआप डब्याकडे जातो.

वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, पण परिचारिका होण्यापूर्वी मी विमान कंपनीत होते. माझगावच्या सर एली कदूरी शाळेतून मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले, आणि 1979 साली मुंबईत एका परदेशी विमान कंपनीच्या कचेरीत तिकिटे लिहिण्याच्या कामाला लागले. त्या वेळचे तिकीट म्हणजे लहानशी वहीच. मागे लाल कार्बन. बोटे संध्याकाळपर्यंत लाल होत. 2008 च्या जूनपासून जगातल्या बहुतेक विमान कंपन्यांनी कागदी तिकिटे बंद केली. माझ्या नातवंडांना ती दाखवावी लागतात ती या डब्यातूनच.

गेल्या महिन्यात माझी अकरा वर्षांची नात डबा उपसत बसली होती. तिला एक पितळी बिल्ला सापडला. "सावता, हा तुझा?" मी म्हटले, "नाही ग, माझ्या मैत्रिणीचा." "मग तुझ्याकडे कसा?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला थोडा इतिहास सांगावा लागला. तोच येथे लिहिते.

विमानात प्रवाशांची सेवा करणारी जगातली पहिली स्त्री ही परिचारिका होती. तिचे नाव एलन चर्च. अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात 1904 साली तिचा जन्म झाला. ती शिकलेली परिचारिका होती, शिवाय विमान चालविण्याचा परवानाही तिने मिळविला होता. बोईंग एअर ट्रान्सपोर्टच्या सॅन फ्रान्सिस्को कचेरीत ती वैमानिकाची नोकरी मागावयास गेली. बाईला वैमानिक कोण करणार? तेव्हा तिनेच दुसरी तोड सुचविली. लोक विमानाला घाबरतात, त्यांना ओकाऱ्या होतात. मग विमानात परिचारिका का ठेवू नयेत? कंपनीला ते पटले. 15 मे 1930 रोजी ती पहिल्या फेरीवर निघाली. ओकलंडहून शिकागोला जायला 20 तास लागत, आणि वाटेत 13 ठिकाणी विमान उतरे.

तिच्यासह आठ परिचारिका घेतल्या गेल्या. अटी अशा: वय 25 च्या आत, वजन 115 पौंडांच्या आत, आणि लग्न झालेले नसावे. पगार महिना 125 डॉलर. त्या पगारात प्रवाशांना धीर देणे, जेवण वाढणे, सैल झालेल्या खुर्च्यांचे स्क्रू पिळणे, आणि वेळ पडल्यास विमान ढकलायला हातभार लावणे, ही सारी कामे होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात परिचारिका सैन्याला हव्या झाल्या, तेव्हा विमान कंपन्यांनी परिचारिकेची अट सोडून दिली. लग्नाची अट मात्र राहिली! एलन चर्चही सैन्यात गेली, विमानातून जखमींची शुश्रूषा केली आणि तिला एअर मेडल मिळाले.

म्हणजे पाहा, जे शिक्षण कामाला उपयोगी तेच गेले, आणि जे कामाशी संबंध नसलेले तेच टिकले. आपल्या मराठीत तर तिचे नावच 'हवाई सुंदरी' पडले. परिचारिकेला मुंबईत 'सिस्टर' म्हणतात, येथे हिब्रूत 'अहोत' म्हणतात. दोन्हींचा अर्थ बहीण. बहिणीला कोणी तुझे वय किती, वजन किती, असे विचारीत नाही.

आता बिल्ल्याची गोष्ट. आमच्याच कंपनीत मुंबईची एक हवाई सुंदरी होती. फेरी संपली की माझ्या टेबलाशी चहा प्यायला येई. 1980 साली तिला दिवस गेले. तीन महिने तिने कोणाला कळू दिले नाही, गणवेश सैल करून घेतला. एके दिवशी साहेबांच्या लक्षात आले आणि महिन्याच्या आत तिची नोकरी गेली. नियमच तसा होता. जाताना तिने बिल्ला माझ्या हातात दिला. "घरी ठेवला तर रोज रडू येईल," म्हणाली.

पुढल्याच वर्षी, 28 ऑगस्ट 1981 रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्यात निकाल दिला. तेथील हवाई सुंदरींना वयाच्या 35 व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणी निवृत्त व्हावे लागे. तेच काम करणारे पुरुष 58 पर्यंत राहत. न्यायालयाने गरोदरपणाचे कलम रद्द केले. 35 नंतर कोणाला ठेवायचे हे साहेबांच्या मर्जीवर सोडणारे कलमही रद्द केले. चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र योग्य ठरविली. विजय झाला, पण पुरा नाही. तो खटला आमच्या कंपनीचा नव्हता. तरी वर्तमानपत्र घेऊन मी मैत्रिणीच्या घरी गेले. तिच्या मांडीवर मूल होते. तिने बातमी दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवली. काही बोलली नाही.

1982 साली आम्ही इस्राएलला आलो. त्या वेळी मुंबईहून सरळ विमान नव्हते. रोमला बदलून आलो. येथे भाषा शिकून मी परिचारिका झाले. थोरल्या मुलाच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मी रोग्यांना कुशीवर वळवीत होते, रात्रपाळी करीत होते. कोणी मला घरी धाडले नाही. धाडताही आले नसते, कारण येथे 1954 च्या कायद्याने गरोदर स्त्रीला सरकारी परवानगीवाचून काढता येत नाही, आणि बाळंतपणाची रजा तेव्हा 12 आठवड्यांची होती. तेव्हा मला मैत्रिणीची फार आठवण येई. चहाची थाळी उचलणे रोगी उचलण्याहून का जड होते?

नातीने सारे ऐकून घेतले. मग विचारले, "ती आता काय करते?" मी मुंबईला फोन लावून दिला. मैत्रीण हसून म्हणाली, "ज्याच्यासाठी नोकरी गेली तो आता पंचेचाळिशीला आला, आणि मला विमानतळावर पोचवायला येतो." नातीने बिल्ला पुसून परत डब्यात ठेवला. एवढ्यात आईने सांगून ठेवलेली वेळ झाली, आणि आम्ही दिवे लावायला उठलो.