फोटोतला मुलगा आणि पाच आण्यांचं तिकीट

आजच्या भागात एकच फोटो बघायचाय. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं टॉकीज. पत्र्याचं छप्पर, दारात गर्दी, आणि पुढे हाफ पँटमधला नऊ-दहा वर्षांचा मुलगा. आमच्या घरात सगळे म्हणायचे, "हे आपले आजोबा." आजोबांचा जन्म १९३४ चा. म्हणजे फोटो १९४४ च्या आसपासचा हवा.

फोटोच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. मग पुरावा फोटोतच शोधायचा. मी प्रिंट स्कॅन केली आणि झूम करत गेलो. भिंतीवर पोस्टर आहे, 'श्यामची आ' एवढं वाचता येतं, पुढचं एका फेट्याआड गेलंय. साने गुरुजींचं पुस्तक १९३५ चं, पण आचार्य अत्र्यांचा सिनेमा आला १९५३ मध्ये. त्यावर राष्ट्रपती सुवर्णपदकाची पट्टीही चिकटवलेली दिसते. ते पदक मिळालं १९५४ मध्ये. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा नाहीच.

पण थांबा. पोस्टरवरून 'याच्या आधीचा नाही' एवढंच कळतं. सिनेमा पुण्या-मुंबईत चालून मग तालुक्याला यायचा, आणि चांगला असला तर पुन्हा पुन्हा लागायचा. फोटो १९६५ चाही असू शकतो की!

इथे कामी आली तिकिटाच्या दरांची पाटी. जमीन, बाक, खुर्ची असे तीन वर्ग, आणि बाकापुढे लिहिलंय 'पाच आणे'. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. चार आणे, आठ आणे बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं टिकले, कारण त्यांचे सरळ पंचवीस आणि पन्नास पैसे होतात. पाच आण्यांचे होतात सव्वाएकतीस. असा दर पाटीवर फार काळ राहणं अवघड. म्हणून फोटो साधारण १९५४ ते ५७ मधला.

तेव्हा आजोबा विशीत होते. मग हा मुलगा कोण?

आत्याआजीला काही न सांगता फोटो दाखवला. ती लगेच म्हणाली, "हा दादा नव्हे रे. दादा तेव्हा सोलापुरात गिरणीत होता. हा आमचा धाकटा." धाकटा म्हणजे आजोबांचा सर्वांत लहान भाऊ. तेराव्या वर्षी टायफॉइडने गेला. त्याचा एकही फोटो नाही, असंच आम्ही आजवर समजत होतो. तो होता, दुसऱ्याच्या नावाने.

आता अल्बममध्ये त्या फोटोखाली त्याचं नाव लिहिलंय. तुमच्याही घरी असा फोटो असेल तर चेहरे ओळखण्याआधी मागच्या भिंती वाचा: पोस्टर, पाट्या, दर. आणि घरातलं कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर हे काम या रविवारीच करा.