वेदना आधी खाली का उतरते?

गालावर पाण्याचा शिंतोडा उडाला, नाकाला चिमटा बसला, दाढ ठणकली, तर या साऱ्या बातम्या मेंदूकडे नेणारी मुख्य चेता एकच. मस्तिष्कचेतांपैकी ती पाचवी. डोळा, वरचा जबडा व खालचा जबडा यांकडे तिच्या तीन शाखा जातात, म्हणून ती त्रिशाखी. एकाच वाटेने आलेले स्पर्श आणि वेदना पुढे वेगळे कसे होतात? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग आपल्याला रुग्णांकडून मिळाला.

१८९५ साली डान्झिगचे (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) वैद्य अडोल्फ वालेनबर्ग यांनी एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला एकाएकी भोवळ आली, गिळता येईना. चेहऱ्याच्या एका बाजूची वेदनेची व उष्ण-थंडाची जाणीव गेली होती. धड व हातपाय यांची मात्र विरुद्ध बाजूची! लंबमज्जेच्या एका बाजूला रक्त पुरवणारी रोहिणी बंद पडली असावी, असे अनुमान त्यांनी केले. पुढे शवविच्छेदनात ते खरे ठरले. तो वृत्तांत १९०१ साली प्रसिद्ध झाला.

शरीराची उलटी बाजू समजू शकते, कारण धडाकडून येणारा वेदनेचा मार्ग मेरुरज्जूतच बाजू ओलांडतो. पण चेहरा? पाचवी चेता तर लंबमज्जेच्या वर, पॉन्समध्ये शिरते. खाली इजा झाल्यावर चेहऱ्याची वेदना कशी जाईल? कारण असे, की वेदनेचे व तापमानाचे तंतू आत शिरताच खाली वळतात आणि लंबमज्जेतून मानेच्या वरच्या भागातील मेरुरज्जूपर्यंत उतरतात. वाटेत दुसऱ्या पेशींना निरोप देतात; या पेशींचे तंतू बाजू ओलांडून वर थॅलॅमसकडे जातात. सूक्ष्म स्पर्शाचे केंद्र मात्र पॉन्समध्येच आहे. विद्यार्थ्याने असा आडवळणाचा नकाशा काढला असता तर आपण त्याचे गुण नक्की कापले असते.

या आडवळणाचा उपयोग स्वीडनचे शल्यचिकित्सक ओलोफ श्योक्विस्ट यांनी केला. त्रिशाखी चेतेच्या एका विकारात दाढी करताना, घास चावताना, नुसत्या वाऱ्याच्या झुळकीनेही चेहऱ्यात वीज चमकावी तशी कळ येते. तेव्हाचा उपाय म्हणजे चेताच कापणे. कळ थांबे, पण स्पर्शही जाई. गालात अडकलेला घास कळत नसे. पारपटल बधिर झाले तर डोळ्यात गेलेला कण समजत नसे आणि डोळाच धोक्यात येई. श्योक्विस्ट यांनी चेतेला हात न लावता लंबमज्जेतील उतरता मार्ग कापला. वेदना गेली, स्पर्श बहुतांशी राहिला. १९३८ साली हे प्रसिद्ध झाले. वालेनबर्ग यांच्या रुग्णात रोगाने जे केले, तेच येथे सुरीने हेतुपूर्वक केले होते. आमच्या मते मस्तिष्कस्तंभाच्या अभ्यासातील हा सर्वांत स्वच्छ पुराव्यांपैकी एक.

शस्त्रक्रिया मात्र जोखमीची होती, कारण शेजारचे तंतू दुखावले तर हाताच्या हालचाली बिघडत. १९६२ साली कार्बामाझेपिन या औषधाचा गुण दिसून आल्यावर अनेकांची सुरी टळली. उतरत्या मार्गाच्या टोकाशी मानेच्या वरच्या चेतांचे तंतूही त्याच पेशींना येऊन मिळतात. मानेतले दुखणे कित्येकदा कपाळात जाणवते ते यामुळेच.