किंकाळीचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे सांगतात. गाण्याच्या बाबतीतही हा सल्ला मानावा, असे पुष्कळांचे मत आहे. मला मात्र एका किंकाळीचे कूळ शोधण्याचा नाद लागला, आणि त्याला कारण झाले आमचे अण्णा.

गोष्ट १९७३ च्या सुमाराची. गिरगावात दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. माझ्या एका मित्राच्या काकांनी विलायतेहून येताना दोन लाँगप्ले तबकड्यांचा एक संच आणला होता. त्याचे नाव ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’. मित्राच्या घरी परीक्षेचे दिवस, म्हणून तबकड्या मुक्कामाला आल्या आमच्याकडे. आमच्याकडचा रेकॉर्ड प्लेयर खरे म्हणजे अण्णांच्या नाट्यगीतांसाठी होता. त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम वाजू लागले, तेव्हा आईने आधी खिडकी लावून घेतली.

ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची ती कथा. सारी गाण्यांतून सांगितलेली, मध्ये गद्य नाही. गेथसेमनीच्या बागेत येशू एकटाच आहे. आपण का मरायचे, असे तो बापाला विचारतो. विचारता विचारता त्याचा आवाज चढत जातो आणि शेवटी शब्द संपून नुसती किंकाळी उरते. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “काय रे, याला कोणी मारतंय का?”

“नाही अण्णा, तो देवाशी बोलतोय.”

“देवाशी? देव काय बहिरा आहे?”

आम्ही पोरे हसलो. अण्णांनी बालगंधर्वांना समोर बसून ऐकलेले. देवाला आळवायचे ते पदातून, लडिवाळपणे, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते. त्यांना उत्तर देण्याइतके मला तेव्हा ठाऊक नव्हते. जे ठाऊक झाले ते पुढे, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

पहिला तुकडा त्या तबकडीच्या वेष्टनावरच छापलेला होता. येशूची भूमिका गाणारा तरुण म्हणजे ‘डीप पर्पल’ या इंग्रज चमूचा गायक इयन गिलन. या चमूचे १९७० मधलेच ‘स्पीड किंग’ नावाचे एक गाणे आहे. ते ऐकले तर शब्दाशब्दांत ‘लिटल रिचर्ड’ या अमेरिकन गायकाच्या जुन्या गाण्यांची नावे गुंफलेली सापडतात. आपल्याकडे शागीर्द उस्तादाचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. त्यातलाच हा प्रकार. म्हणजे किंकाळीचे घराणे अटलांटिकच्या पलीकडचे होते.

लिटल रिचर्ड, पाळण्यातले नाव रिचर्ड पेनिमन, हा जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावचा. जन्म १९३२ चा, बारा भावंडांचे घर. लहानपणी चर्चमध्ये गाताना तो असा ओरडे की त्याला आवरावे लागे. १९५५ च्या सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने ‘टुटी फ्रुटी’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि रॉक अँड रोल ज्याला म्हणतात त्या संगीताला तो आवाज मिळाला. दुःखाची गोष्ट अशी की हेच गाणे पॅट बून या गोऱ्या, गोड गळ्याच्या गायकाने लगोलग गाऊन घेतले. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत रिचर्डची तबकडी सतराव्या क्रमांकावर थांबली, बूनची बाराव्यापर्यंत गेली. बूनचे गाणे मी ऐकले आहे. इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखे आहे. त्यात किंकाळी नाही.

रिचर्डला हे कोठून मिळाले, हे शोधताना मी अखेर एका बाईपाशी येऊन पोहोचलो, आणि तेथून मला हलवेना.

रोझेटा थार्प. जन्म १९१५, आर्कन्सॉ राज्यात, कॉटन प्लांट नावाच्या गावी. कॉटन प्लांट म्हणजे कापसाचे झाड. गावाच्या नावातच त्या मुलखाचा आणि त्या लोकांचा इतिहास आला. तिची आई केटी बेल ‘चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट’ या कृष्णवर्णीयांच्या पंथाची प्रचारिका होती आणि मँडोलिन वाजवी. या पंथात देवापुढे ढोल-झांजा वाजवायला, टाळ्या पिटायला, अंगात आल्यासारखे नाचायला मुभा. आपल्या वारकऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. आईबरोबर गावोगाव फिरत ही मुलगी बालपणापासून गिटार वाजवून देवाची गाणी गात असे. पुढे शिकागोत आणि त्याही पुढे न्यूयॉर्कला आली.

आता ‘रॉक’ या शब्दाचीच गंमत पाहा. रॉक म्हणजे डोलणे, झुलणे, झोका देणे. रस्त्यावरच्या बोलीत त्याला शृंगाराचा अर्थ होता. चर्चमध्ये, देवाने मला उराशी धरून झोका द्यावा असा भक्तीचा. टॉमस डॉर्सी हा पूर्वी बैठकीची चावट गाणी वाजवणारा पियानोवादक. नंतर तो भक्तिगीतांकडे वळला आणि गॉस्पेल संगीताचा जनक म्हणून मान पावला. त्याचे एक भक्तिगीत रोझेटाने १९३८ साली ‘रॉक मी’ या नावाने ध्वनिमुद्रित केले. गाणे देवाचेच होते. पण ऐकणाऱ्याने आपापल्या मनाप्रमाणे झोका घ्यावा!

त्याच वर्षी ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गाऊ लागली. येथे रंगमंचावर काळे कलावंत आणि समोर पैसे मोजणारे गोरे प्रेक्षक असा शिरस्ता होता. डिसेंबरात ती कार्नेगी हॉलच्या प्रतिष्ठित मंचावरही उभी राहिली. तिच्या चर्चमधली माणसे दुखावली. कीर्तनकार बुवांनी अभंग घेऊन तमाशाच्या बोर्डावर जावे, तर आपल्या आळीत काय झाले असते? तेच तेथे झाले. दुखावणाऱ्यांना मी सरसकट हसणार नाही. ज्यांच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे चर्चमधले गाणेच काय ते होते, त्यांनी तेही दारूच्या पेल्यांमध्ये गेलेले पाहिले. पण रोझेटाचाही इलाज नव्हता. तिला देवही हवा होता आणि टाळीही हवी होती.

१९४४ मध्ये तिने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे भक्तिगीत गिटार आणि पियानोच्या दौडीवर गाऊन ठेवले. दुसऱ्या वर्षी ते कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. त्या काळी अमेरिकेत त्यांच्या तबकड्यांची यादीही वेगळी असे. तिला ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशाच्या तबकड्या, असे नाव होते. ते १९४९ मध्ये बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ झाले. पुढे क्लीव्हलंडच्या रेडिओवरून ॲलन फ्रीड या निवेदकाने तसल्याच संगीताला रॉक अँड रोल म्हणायला सुरुवात केली. नाव बदलत गेले तसा गिऱ्हाइकांचा रंगही बदलत गेला. चक बेरीचे १९५५ मधले ‘मेबलीन’ हे गाजलेले गाणे. त्याच्या कर्तृत्वात याच फ्रीडसाहेबांचे नाव भागीदार म्हणून लागले होते. ते निघून बेरीला गाणे पुरते परत मिळायला १९८६ उजाडले.

आणि मेकनची गोष्ट. १९४७ साली रोझेटा तेथल्या सभागृहात गायला आली होती. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा त्या सभागृहात शीतपेये विकत असे. कार्यक्रमाआधी तो तिचीच गाणी म्हणत होता, ती तिच्या कानी पडली. तिने त्याला रात्री रंगमंचावर बोलावले, सर्वांसमोर गायला लावले आणि वर हातावर पैसे ठेवले. तो मुलगा लिटल रिचर्ड. रंगमंचाची चव त्याला त्या रात्री कळली.

म्हणजे पाहा: आर्कन्सॉच्या चर्चमधून रोझेटा, रोझेटाकडून मेकनचा रिचर्ड, रिचर्डकडून समुद्रापारचा गिलन, आणि गिलनच्या तोंडी गेथसेमनीच्या बागेतला ख्रिस्त. तीस-पस्तीस वर्षे बाजारात हिंडून ती हाक ज्याच्यासाठी प्रथम मारली गेली त्याच्याच तोंडी जाऊन बसली. अण्णांना हे सांगायला हवे होते.

रंगभूमीने मात्र हे सारे फार उशिरा दारातून आत घेतले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९६० मध्ये ‘बाय बाय बर्डी’ आले. त्यात रॉक गायक आहे, पण थट्टेपुरता. खरी रॉक संगीतिका म्हणजे ‘हेअर’: १९६७ च्या ऑक्टोबरात छोट्या नाट्यगृहात, १९६८ च्या एप्रिलात ब्रॉडवेवर. लांब केसांची पोरे, व्हिएतनामच्या युद्धाला नकार, आणि मध्येच ‘हरे कृष्ण’चा गजर. त्याचे १,७५० प्रयोग झाले. संगीतकार गॉल्ट मॅकडर्मट हा कॅनडाचा, पण केपटाउनला शिकलेला. आफ्रिकेची लय तो मुळातून ऐकून आला होता, आणि ते कानाला कळते.

‘सुपरस्टार’ची कथा उलटी. टिम राइस आणि अँड्र्यू लॉइड वेबर या दोन इंग्रज पोरसवदा मित्रांच्या नाटकावर पैसा लावायला कोणी धजेना, म्हणून आधी तबकडी निघाली. ती गाजल्यावर १२ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रॉडवेवर पडदा वर गेला. बाहेर धर्मनिष्ठांची निदर्शने! कॉटन क्लबच्या वेळी चर्चची माणसे जे बोलली तेच नव्या तोंडांनी पुन्हा. आत येशू गोरा होता आणि विश्वासघातकी यहूदा कृष्णवर्णीय, बेन व्हेरीन. त्या नटाने भूमिका गाजवली हे खरे. तरी ही वाटणी मला अजून टोचते. लंडनला नाटक १९७२ पासून आठ वर्षे, ३,३५८ प्रयोगांपर्यंत चालले.

१९७४ मध्ये ते मुंबईत अलेक पदमसींनी केले. यहूदा झाला होता आपला नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी नाटक ज्याच्या घरचे. मी तो प्रयोग पाहिला नाही, तिकिटाचे पैसे जमले नाहीत. चार वर्षांनी मात्र पु. लं. चे ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी रंगवले, त्यात नंदू गायला, आणि अण्णांना मी ओढून नेले. तमाशाची ढोलकी, नाट्यगीताची फेक आणि मधूनच रॉक. अण्णा गप्प होते. परतताना ट्राममार्ग उखडलेल्या रस्त्याकडे पाहत एवढेच म्हणाले, “हा पोरगा ओरडतो, पण सुरात ओरडतो.” त्यांच्या तोंडची ती पावतीच होती.

रोझेटाचे पुढे काय झाले? १९६४ साली ती इंग्लंडात मँचेस्टरला गेली. वापरात नसलेल्या एका रेल्वे स्टेशनावर दूरचित्रवाणीसाठी कार्यक्रम होता. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर कलावंत. पाऊस लागला. तिने ऐन वेळी गाणे बदलून महापुराचे भजन धरले आणि पांढरी इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवली की ते चित्रण पाहताना आजही अंगावर काटा येतो. अंगात लांब कोट, वय एकोणपन्नास. पुढे मधुमेहाने तिचा पाय गेला, तरी ती गात राहिली. १९७३ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियात तिने डोळे मिटले. म्हणजे आमच्या दोन खोल्यांत अण्णा ती किंकाळी ऐकत होते त्याच सुमारास. तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००८ मध्ये एक कार्यक्रम करून पैसे जमवले गेले, तेव्हा दगड बसला. रॉक अँड रोलच्या मानकऱ्यांच्या दालनात तिचे नाव लागले २०१८ मध्ये; लिटल रिचर्डचे १९८६ मध्येच लागले होते.

त्याआधी दोन वर्षे, २०१६ मध्ये, न्यूयॉर्कला एक छोटे नाटक आले, ‘मरी अँड रोझेटा’. पात्रे दोनच: रोझेटा आणि तिची तरुण जोडीदारीण मरी नाइट. काळ १९४६, स्थळ मिसिसिपीतले एक दफनगृह. काळ्या गायिकांना त्या मुलखात हॉटेलात खोली मिळत नसे. म्हणून रात्रीचा मुक्काम शवपेट्यांच्या दुकानात, आणि उद्याच्या गाण्याची तालीमही तेथेच.