कोल्ह्याची द्राक्षे कोकणात कशी पोहोचली?

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे दक्षिण तीरावर अंजनवेल आहे आणि समोर, उत्तर तीरावर दाभोळ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचा सागरी मार्गांचा ग्रंथ लिहिला. त्यात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची जंत्री आहे. तीतील ‘पालैपत्मै’ हे नाव काही अभ्यासक दाभोळशी जोडतात. घाटापलीकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात तर खांब दान करणाऱ्या यवनांचे लेखच कोरलेले आहेत.

पण हे लेख प्राकृतात आहेत आणि दान बौद्ध संघाला दिलेले आहे. यवन येथे आले आणि येथल्यासारखे झाले. त्यांच्या मायदेशातील विचारवंतांची नीतिवचने आणि तिरकस उत्तरे त्यांच्याबरोबर या किनाऱ्यावर उतरल्याची एकही खूण नाही. ती मराठीत यायला पुढे सतरा शतके जावी लागली, आणि आली तीही शाळेच्या पुस्तकातून.

त्याआधी अंजनवेलवर बरेच काही घडून गेले. १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी येथील किल्ला सिद्दीकडून घेतला आणि त्याचे नाव गोपाळगड ठेवले. पुढे तो पेशव्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. पेशवाईच्या अखेरीस अंजनवेलचे मामलेदार होते केशवराव टिळक, लोकमान्यांचे पणजोबा. राज्य बुडाले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. त्यांचेच नातू गंगाधरपंत मात्र नव्या सरकारच्या मराठी शाळेत शिक्षक झाले. दोन पिढ्यांत एवढे अंतर पडले.

त्या नव्या शाळांना पुस्तके हवी होती. मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीतील सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजेच बापू छत्रे, यांनी १८२८ मध्ये इसापच्या कथा मराठीत आणल्या. त्याही आधी, १८०६च्या सुमारास, तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाखाली सख्खन पंडितांचे ‘बालबोध मुक्तावली’ छापले गेले होते; तेही इसापचेच रूपांतर. पंचतंत्रावर वाढलेल्या वाचकाला हे जग परके वाटण्याचे कारण नव्हते. वाघाचे कातडे पांघरणारे गाढव आपल्याकडे होतेच. ग्रीकांकडे त्याने सिंहाचे कातडे पांघरले, इतकेच.

मुलांनी खोटे बोलू नये, आळस करू नये, एवढ्यासाठी ही निरुपद्रवी पुस्तके, असा शाळाखात्याचा समज असावा. पण इसाप तसा निरुपद्रवी नव्हता.

हिरोडोटसच्या म्हणण्यानुसार इसाप हा सॅमॉस बेटावरील इयाडमॉन नावाच्या माणसाचा गुलाम होता. त्याच्या कथा लॅटिन पद्यात आणणारा फीड्रस हाही गुलामगिरीतून सुटलेला. प्राणिकथा जन्मली कशी, याचे फीड्रसने दिलेले कारण सरळ आहे: गुलामाला मनातले उघड बोलण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने ते कल्पित कथेच्या आडून सांगितले. लांडगा आणि कोकरू यांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. पाणी गढूळ केल्याचा आरोप लांडगा करतो. कोकरू शांतपणे दाखवून देते की आपण प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभे आहोत. त्याचा युक्तिवाद बिनतोड असतो, आणि लांडगा त्याला खातो. यात मुलांसाठी नेमका कोणता सद्गुण आहे?

राजा मागणाऱ्या बेडकांची कथा तर याहून धारदार. देवाने आधी ओंडका टाकला, त्याची थट्टा झाली; मग जो राजा आला तो प्रजेलाच गिळू लागला. पिसिस्ट्राटस अथेन्सचा हुकूमशहा झाला तेव्हा इसापने ही कथा अथेन्सवासीयांना सांगितली, असे फीड्रस लिहितो. नुकतेच राज्य गमावलेल्या मुलखात, राज्य घेणाऱ्यांच्याच शाळांतून या गोष्टी सांगणाऱ्याचे पुस्तक वाचले जाऊ लागले. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

दुबळ्याचे हे हत्यार ग्रीकांनी पुढेही गंजू दिले नाही. सिनोपेच्या डायोजिनीसला चाच्यांनी पकडून गुलामांच्या बाजारात उभे केले. तुला काय येते, असे विचारल्यावर तो म्हणाला, माणसांवर हुकमत चालवता येते. आणि समोरच्या एका श्रीमंत गिऱ्हाइकाकडे बोट दाखवून सांगितले की मला यालाच विका, याला मालकाची गरज आहे. ही आख्यायिका त्याच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या चरित्रात येते, तेव्हा ती जपूनच घ्यावी. ग्रीकांना ती पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटली, एवढे मात्र खरे.

१८५२ मध्ये सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आले. लेखक कृष्णशास्त्री चिपळूणकर. ते पुण्याच्या संस्कृत पाठशाळेत घडले, इंग्रजी नंतर शिकले. आडनावातले चिपळूण मात्र याच वाशिष्ठीच्या काठचे. त्याच वर्षी मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देण्यासाठी ‘विचारलहरी’ हे नियतकालिक निघाले, तेही कृष्णशास्त्र्यांच्याच हातून. अशा काळात जो ख्रिस्ती नव्हता, ज्याच्यापाशी बायबल नव्हते, तरीही ज्याच्या सदाचाराला सारा युरोप मान देत होता, असा माणूस मराठी शास्त्र्याला किती जवळचा वाटला असेल!

सॉक्रेटिसाचा विनोद तर त्याच्या जिवाशीच आला. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये त्याला नगरदेवतांना न मानणे आणि तरुणांना बिघडवणे या आरोपांवरून दोषी ठरवले गेले. अथेन्सच्या रीतीप्रमाणे आरोपीने आपली पर्यायी शिक्षा स्वतः सुचवायची असे. हद्दपारी मागितली असती तर बहुधा मिळाली असती. त्याने सुचवले, की ऑलिंपिकच्या विजेत्यांना मिळते तसे सरकारी भोजन आपल्याला कायमचे द्यावे. नंतर मित्रांच्या आग्रहाने दंड भरण्याची तयारी त्याने दाखवली, पण वेळ गेली होती. त्याला दोषी ठरवणाऱ्यांपेक्षा मृत्युदंड देणाऱ्यांची मते अधिक पडली, असे एक प्राचीन चरित्रकार नोंदवतो. तुरुंगातील अखेरच्या दिवसांत तो काय करत होता, हे प्लेटोने लिहून ठेवले आहे: इसापच्या कथांना पद्यरूप देत होता.

अंजनवेलच्या परिसरात आंबा होतो, फणस होतो, रातांबा होतो. द्राक्षे होत नाहीत, ती घाटावरची. तरी ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही घरची म्हण आधीपासून होतीच. सॅमॉसच्या गुलामाचा कोल्हा तिच्या शेजारी येऊन बसला आणि त्याचे गाव कोणी विचारले नाही.